ईईजी: बेसलाइनपेक्षा खरंच बदल झाला का?

ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी टिपणं; तेल लावलेल्या डोक्यावर ते धड बसत नाहीत. म्हणून पुण्यात चित्रं दाखवून ईईजी घेण्याच्या आमच्या प्रयोगाला येणाऱ्या प्रत्येकाला मी आदल्या दिवशी फोन करते: ‘न्हाऊन या, पण तेल नको.’ असा बारा जणांचा डेटा जमवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. त्यामुळे पहिला टाइम-फ्रिक्वेन्सी नकाशा (कोणत्या वेळी कोणत्या फ्रिक्वेन्सीची ताकद, म्हणजे पॉवर, किती वाढली-घटली ते दाखवणारा) ठिकठिकाणी लाल-निळा दिसला, तशी मी प्रिंट घेऊन मॅडमकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, “चौकोन किती तपासलेस?”

एका इलेक्ट्रोडवर 40 फ्रिक्वेन्सी आणि 150 वेळबिंदू, म्हणजे 6000 चौकोन. प्रत्येकाला 5 टक्क्यांची कसोटी लावली, तर मेंदूत काहीही घडलेलं नसताना सरासरी 300 चौकोन ‘सिग्निफिकंट’, म्हणजे खरा बदल असल्यासारखे, निघतात. मी ते मोजलंच नव्हतं.

आता मी सुरुवात बेसलाइनपासून, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या चित्राआधीच्या काळापासून, करते. चित्र दिसण्याआधीचे शेवटचे 200 मिलिसेकंद घेऊ नका. 4 हर्ट्झची पाच आवर्तनं म्हणजे सव्वा सेकंद. एवढं लांब वेव्हलेट (पॉवर मोजण्यासाठी वापरलेली छोटी लहर) चित्रानंतरची पॉवर मागे ओढून आणतं, बेसलाइन फुगते आणि थीटातली (4 ते 8 हर्ट्झ) खरी वाढ लहान दिसते. मी चित्राआधीचे -900 ते -500 मिलिसेकंद घेते, आणि ट्रायल (एकदा चित्र दाखवतानाची नोंद) -2 सेकंदांपासून कापते.

प्रत्येकाच्या सगळ्या ट्रायलच्या पॉवरची आधी सरासरी काढा, मग तिला बेसलाइनच्या सरासरीने भागून डेसिबलमध्ये न्या. -3 डेसिबल म्हणजे पॉवर जवळपास निम्मी.

पुढे, योगायोगाने निघणारे ते चौकोन गाळण्यासाठी, क्लस्टर पर्म्युटेशन. मारिस आणि ऊस्टेनवेल्ड यांनी 2007 मध्ये मांडलेली ही पद्धत फील्डट्रिप आणि एमएनई या दोन्ही सॉफ्टवेअरांत तयार मिळते, तरी एकदा हाताने करून बघाच. प्रत्येक चौकोनाला बारा जणांवरून टी (सरासरी बदल भागिले त्या सरासरीची प्रमाण त्रुटी) काढा. 2.201 (बारा जणांसाठी 5 टक्क्यांची सीमा) च्या पलीकडचे, एकाच चिन्हाचे, एकमेकांना चिकटलेले चौकोन म्हणजे एक क्लस्टर; त्यातल्या टींची बेरीज करा. मग प्रत्येकासाठी छापा-काटा करा. काटा आला तर त्या माणसाच्या पूर्ण नकाशाचं चिन्ह उलटवा. चौकोनागणिक वेगळं उलटवलंत, तर शेजाऱ्यांचं नातं तुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. पुन्हा टी काढा, सर्वांत मोठी बेरीज टिपा, चिन्ह सोडून. बारा जणांच्या अशा 4096 शक्यता होतात. मी सगळ्या करते. तुमच्या खऱ्या क्लस्टरइतकी किंवा त्याहून मोठी बेरीज त्यांपैकी किती वेळा आली, ते प्रमाण म्हणजे पी, निव्वळ योगायोगाने एवढं दिसण्याची शक्यता.

माझे बहुतेक ठिपके गळाले. डोक्याच्या मागच्या बाजूची 8 ते 12 हर्ट्झची, म्हणजे अल्फाची, घसरण तेवढी टिकली. डोळे उघडल्यावर अल्फा ओसरतो हे माणसाचा ईईजी पहिल्यांदा नोंदवणाऱ्या हान्स बर्गरने फार पूर्वीच लिहिलं होतं, तरी ती टिकलेली पाहून मला फार आनंद झाला. पण हा पी अख्ख्या क्लस्टरचा असतो, त्याच्या कडांचा नव्हे. ‘अल्फा 320 मिलिसेकंदांना घसरू लागतो’ हे प्रबंधातलं माझं लाडकं वाक्य मी खोडलं, आणि लिहिलं: ‘चित्र दिसल्यानंतर अल्फा बेसलाइनपेक्षा घटला.’