पाणपोई मृगापर्यंत चालवायची तर

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आणि त्याच्या लगोलग तहानलेल्यांना पाणी येतं. विदर्भात ऊन तापायला लागलं की फाट्याफाट्यावर पाणपोया उघडतात. हार, फ्लेक्स, फोटो, सगळं यथासांग होतं. मग मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की बऱ्याच रांजणांच्या तळाशी पालापाचोळा दिसतो. सेवा मोजायचीच असेल तर तेव्हा, भर दुपारी 2 वाजता, झाकण उचलून मोजावी.

म्हणून आधी माणसं ठरवा, रांजण मागाहून आणा. सात घरं, प्रत्येकाला एक वार. सकाळी 6 ला आणि दुपारी 1 ला भरणी. माणशी अर्धा लिटर धरलं तर 50 लिटरचा रांजण शंभर जणांना पुरतो, पण बाजाराच्या दिवशी तो बघता बघता आटतो. त्या वारी दोन घरं आणि एक जादा रांजण लावा. समोरच्या पानठेलेवाल्याला सोबत घ्या. पाणी संपलं हे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं.

रांजण कुंभाराकडून तोटीचं भोक ठेवूनच भाजून घ्या. भाजल्यावर पाडलेल्या भोकापासून तडा जातो. तोटी तळापासून चार बोटं वर असावी, म्हणजे गाळ पेल्यात उतरत नाही. नवा रांजण एक दिवस भरून ठेवा आणि ते पाणी झाडाला घाला. आणि कृपा करून त्यावर ऑइलपेंटनं दात्याचं नाव लिहू नका! पाणी गार होतं ते मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरून वाफ होतं म्हणून. रंगानं छिद्रं बुजली की आत नुसतं कोमट पाणी. नाव पाटीवर लिहा.

बुडाशी वीतभर ओली रेती, अंगाला ओलं गोणपाट. पश्चिमेकडून पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, कुड घाला, पण बाकी बाजू मोकळ्या ठेवा, कारण वारा लागला नाही तर रांजण गार होत नाही. कुडापाशी विडी ओढू देऊ नका. वाळलेली पऱ्हाटी भडकन पेटते.

पाणी कुठलं, हे आधी तपासा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, आणि ते उकळूनही जात नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात खारं पाणी भरलं तर छिद्रांत क्षार बसून महिन्याभरात रांजण गार करणं सोडतो. नळयोजनेचं पाणी असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, करून घ्या. पिवळसर रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे.

आठवड्यातून एकदा रांजण पालथा करून नारळाच्या शेंडीनं घासा आणि उन्हात कोरडा करा. साबण नको, त्याचा वास मातीत मुरतो. कोरडा दिवस चुकला की डेंग्यूच्या डासाच्या अळ्या होतात. घासायच्या दिवशी पाणपोई बंद पडू नये म्हणून दुसरा रांजण हवाच.

तोटीचा आग्रह आणखी एका कारणासाठी. वरून ओंजळीत पाणी ओतण्यामागे कुणाला शिवायचं नाही, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या होता. तोटी ज्यानं त्यानं आपल्या हातानं सोडावी. पेले सगळ्यांना सारखेच, स्टीलचे, साखळी न लावलेले. दोनचार चोरीला जातील, जाऊ द्या. सुरुवात अक्षय तृतीयेची वाट न बघता 20 मार्चला करा. 1927 साली त्याच दिवशी महाडला चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं होतं, आणि ऊनही तोवर तापलेलं असतं.

उन्हानं गळालेला माणूस आला तर सावलीत बसवा. 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून घोट घोट पाजा. बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नका. 108 ला फोन लावा, अंग ओलं करून वारा घाला.

सांडलेल्या पाण्याला चर काढून गुरांच्या टाक्याकडे न्या. टाकं पाण्याच्या रोजच्या हिशेबात धरा, नाहीतर म्हशी रांजणालाच तोंड लावतात.