एम.डेस.चा फॉर्म भरण्याआधी

आयआयटीसारख्या संस्थांत एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करायचं तर सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे फॉर्म साधारण ऑक्टोबरात सुटतात आणि परीक्षा जानेवारीत होते. बहुतेक मुलं दिवाळीनंतर क्लास लावतात आणि कॉलेजचा विचार निकाल लागल्यावर, रँक हातात आल्यावर करतात. माझ्या मते हा क्रमच चुकीचा. आधी कॉलेज शोधा, परीक्षेची तयारी मग आपोआप नेमकी होते. त्यासाठी जून-जुलैपासून हाताशी वेळ हवा.

पहिलं काम म्हणजे पुढची दहा वर्षं काय करायला आवडेल ते कागदावर लिहून काढणं. अक्षररचना, पुस्तकं, पॅकेजिंग, दिशादर्शक पाट्या, की ॲपचे स्क्रीन? ग्राफिक डिझाइन करायचंय म्हणणाऱ्या निम्म्या मुलांना खरं तर स्क्रीनच करायचे असतात. त्यांनी इंटरॅक्शन डिझाइनकडे पाहावं, तो वेगळा अभ्यासक्रम आहे. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) ग्राफिक डिझाइन ही स्वतंत्र शाखा आहे. पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, कम्युनिकेशन डिझाइनच्या छत्राखाली चित्रण, फिल्म, टायपोग्राफी असं बरंच काही येतं. कला महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल तर एम.एफ.ए.चा (ललित कलेच्या पदव्युत्तर पदवीचा) रस्ताही पाहून ठेवा. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाला मात्र २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा प्रवेश आणि फीबद्दल सीनियर सांगतील ते जुनं धरा आणि चालू वर्षाचं माहितीपत्रक वाचा.

मग मुलांचं काम पाहा. माझा सगळा भर यावरच आहे. रँकिंग, इमारत, प्लेसमेंटचे आकडे बाजूला ठेवा आणि शेवटच्या वर्षाचे प्रकल्प शोधा. आयडीसीचा डिग्री शो दरवर्षी होतो, जमलं तर प्रत्यक्ष जा, नाहीतर ऑनलाइन काय ठेवलंय ते चाळा. पाहताना सुंदर-कुरूप ठरवत बसू नका. सगळ्यांची कामं एकाच हाताची वाटतात का? प्रश्न कुठून आला, तो खऱ्या माणसांवर तपासला का? आणि देवनागरी कशी बसवली आहे? वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला धडकते आहे, रफार कापला गेला आहे, मराठी मजकूर इंग्रजीच्याच ओळींच्या अंतरात कोंबला आहे, असं दिसलं तर तिथे लिपीकडे कोणी पाहत नाही असं समजा. अक्षररचनाकार र. कृ. जोशी आयडीसीत शिकवत होते, विंडोजमधला देवनागरी मंगल फाँट त्यांच्याच हातचा. पण नावावर जाऊ नका, आज तिथे हा विषय कोण शिकवतं ते विचारा. तुमची नजर तयार नसेल तर मुक्ता आणि बालू हे फाँट उतरवून घ्या (दोन्ही मोफत आहेत) आणि मराठीचं एकच पान दोन्हींत लावून बघा.

निव्वळ फाँट घडवायचे असतील तर इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाचा एक वर्षाचा एम.ए. यादीत हवाच. खर्च मात्र घरच्यांसमोर आधीच मांडा.

शिकणाऱ्या दोघा-तिघांशी बोला, पण ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारू नका, उत्तर ‘छान’ असंच येतं. प्रिंटिंगची लॅब रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, कायमचे शिक्षक किती आणि पाहुणे किती, मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, हे विचारा.

पात्रतेचं फार लांबवत नाही. सीडला बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी चालते, जी.डी. आर्ट ही कलेची पदविका असेल तर वर्षभराच्या कामाचा अनुभवही लागतो. वयाची अट नाही, गुण एकाच वर्षासाठी चालतात. एनआयडीची परीक्षा वेगळी, तिथली वयोमर्यादा तपासा. आणि सीड पास म्हणजे प्रवेश नव्हे. प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो, पुढे तिची चाचणी आणि मुलाखत असते.

दाखल्यांवर मुलं हमखास अडकतात. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर केंद्रीय संस्थांत चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तेही ठरलेल्या तारखेनंतरचं. दाखला व्हीजेएनटीचा असेल तर आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा. ईडब्ल्यूएसचंही प्रमाणपत्र त्या-त्या आर्थिक वर्षाचं हवं. सेतू केंद्रात मे महिन्यात रांग लावण्यापेक्षा आधीच कागद जमवा.

पोर्टफोलिओत कॉफीच्या कपावर चिकटवलेले लोगो नकोत. कामं थोडी ठेवा, पण प्रत्येकाची कच्ची रेखाटनं, टाकून दिलेले पर्याय दाखवा. गटाच्या कामात तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट लिहा, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो. लग्नपत्रिका, गणेश मंडळाचा अहवाल, गावच्या दुकानाची पाटी असलं खरं काम केलं असेल तर ते कमी लेखू नका. साबणाच्या काल्पनिक जाहिरातीपेक्षा त्यावर बोलायला जास्त असतं.

फीचा हिशेब पूर्ण अभ्यासक्रमाचा करा: होस्टेल, लॅपटॉप, प्रिंटचा खर्च धरून. आयडीसीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, एनआयडीचा अडीच, म्हणजे तिथे अर्ध्या वर्षाचा बुडणारा पगारही मोजायला हवा. वेगवेगळ्या संस्थांच्या याद्या एकाच दिवशी लागत नाहीत. त्यामुळे पहिल्या जागेचे पैसे भरताना, नंतर जागा सोडली तर किती परत मिळतील आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे नियमातच वाचून घ्या.