उचलण्याआधी हिशेब: टाकाऊ आणि सवलतीच्या वस्तू ऑनलाइन विकताना

स्वस्त मिळाली म्हणून वस्तू उचलू नका. आधी मोबाइलवर विक्रीच्या साइटवर नेमकं तेच मॉडेल शोधा आणि विक्री झालेल्याच वस्तू दिसतील असा फिल्टर लावा. मागितलेल्या किमतींना अर्थ नाही. मागायला काय, कोणीही काहीही मागतं. अलीकडच्या दहाएक विक्रींमधला मधला आकडा धरा. समजा, तो १०० निघाला. साइटचं कमिशन १५, कुरिअर २०, खोकं आणि बबल रॅप ५ वजा जाता राहिले ६०. त्यातले निम्मे परत येणारा माल आणि आपली मेहनत यांसाठी ठेवले, तर खरेदी ३० च्या वर नको.

नवखे बुडतात ते बहुतेकदा कुरिअरमध्ये. काट्यावरच्या वजनापेक्षा आकारमानावरून काढलेलं वजन जास्त भरलं, तर पैसे त्याचेच लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं (भाजक कुरिअरप्रमाणे बदलतो, विचारून घ्या). ४० × ३० × ३० च्या खोक्यात दीड किलोचा दिवा ठेवला, तरी पैसे ७.२ किलोचे! म्हणून सुरुवात लहान वस्तूंपासून करा: लेन्स, कॅल्क्युलेटर, रिमोट. बंद पडलेल्या यंत्राचे चालू सुटे भागही चांगले खपतात.

जागेवरच तपासा. लेन्समधून टॉर्च मारला की बुरशीचे जाळीदार धागे दिसतात. सेलच्या कप्प्यात अल्कलाइन सेलची पांढरी खपली असेल, तर हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सेल टेकतो ती धातूची पट्टीच गंजून खाल्ली गेली असेल तर सोडून द्या. फुगलेली लिथियम बॅटरी घरीही आणू नका, पेट घेऊ शकते. वापरलेलं हेल्मेट विकू नये. आतला फोम दबलेला बाहेरून कळत नाही.

मथळ्यात ब्रँड, मॉडेल क्रमांक, माप. 'सुंदर', 'दुर्मीळ' असं शोधत कोणी येत नाही. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. ओरखडा जवळून दाखवा, नाहीतर त्याच कारणाने माल परत येईल. सीरियल नंबरचाही फोटो काढून ठेवा, म्हणजे परतीत दुसराच नग आला तर पुरावा राहतो. फोन असेल तर आधी त्यातलं लॉग-इन खातं काढून टाका, मगच रिसेट करा. नाहीतर तो गिऱ्हाइकाकडे लॉक होऊन बसतो.

नाजूक वस्तूभोवती सगळीकडून ५ सेंटिमीटर भरण हवं. टेप लावण्याआधी खोकं हलवून पाहा. आत काही सरकलं, तर आणखी कागद कोंबा.