सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपलं मत ठामपणे कसं मांडावं, तेही कान उघडे ठेवून

मीटिंगला जाण्याआधी आपलं म्हणणं एका वाक्यात कागदावर लिहा. मागच्या उन्हाळ्यात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत टँकरवरून रोज कटकट होती, तेव्हा मी लिहिलं, ‘गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता बोअरजवळ खड्ड्यात मुरवावं.’ एका वाक्यात बसत नसेल, तर अजून विचारच पुरा झालेला नाही.

मग हिशेब. ‘खूप पाणी वाया जातं’ म्हटलं की लोक मोबाइल काढतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ३०० चौरस मीटरची गच्ची आणि वर्षाला ७०० मिमी पाऊस धरला, तर २ लाख १० हजार लिटर. (इगतपुरीचा पाऊस धरून आकडा फुगवू नका, कुणीतरी नेमकं तेवढंच पकडतं.)

आता अवघड भाग. आपलं मत कशामुळे बदलेल, तेही घरीच लिहून ठेवा. न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: खरं काय ते शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडायची ती वितंडा. आपल्या मीटिंगा चहा येईपर्यंत वाद असतात. पुढचं सांगायला नको. मी लिहिलं होतं, ‘पाणी मुरत नाही असं दिसलं, तर खड्ड्याचा हट्ट सोडायचा.’

पहिल्या मजल्यावरचे काका म्हणालेच, “अहो, खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरणार कुठे?” उत्तर जिभेवर आलं होतं, ते गिळलं. “म्हणजे काका, खड्डा भरून पाणी पार्किंगमध्ये येईल, असंच ना?”

“हां, तेच!”

समोरच्याची अशी मान हलेपर्यंत आपली बाजू सुरू करू नका. असं आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडणं, यालाच जुने पंडित पूर्वपक्ष म्हणत.

काकांचा मुद्दा खराही होता. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतूनच उतरतं. म्हणून मी मागणी बदलली: आधी छोटा खड्डा खणू, पाणी ओतू, दोन तासांत किती उतरतं ते मोजू. नाही मुरलं तर टाकीत साठवू. गटारात मात्र सोडायचं नाही, त्यावरून हललो नाही.

ठरलेलं सगळं सेक्रेटरींना तारखेसकट इतिवृत्तात लिहायला लावा, नाहीतर पुढच्या मीटिंगला पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे खड्ड्याशी घड्याळ घेऊन उभं राहायचं काम काकांनी स्वतःहून मागून घेतलं.