ट्रेमधल्या माणसांच्या काखेतला गंज

अलेस्सी या इटालियन कंपनीचा 'जिरोतोंदो' नावाचा स्टीलचा ट्रे वहिनीने इटलीहून आणला होता. काठाला एकमेकांचे हात धरून उभी कातीव माणसं, म्हणजे माणसाच्या आकाराची आरपार भोकं. १९८९ साली स्तेफानो जोव्हान्नोनी आणि ग्विदो व्हेंतुरीनी या जोडीने, 'किंग-काँग' या नावाने, हे डिझाइन केलं. जिरोतोंदो म्हणजे तिकडच्या मुलांचा गोल फिरायचा खेळ.

दिसायला गोड, घासायला वैताग! बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि चहाचा राप नेमका माणसांच्या काखेत जमायचा. एकदा चिडून तारेच्या घासणीने खरवडलं. चार दिवसांत तिथे तांबूस ठिपके. स्टीलला गंज? नीट पाहिलं तर घासणीचे बारीक कण कोपऱ्यांत अडकून गंजले होते.

मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल (ढोकळ्यात घालतो तेच) विरघळवून ट्रे वीस मिनिटं बुडवला. थर सुटला, ठिपके फिके झाले. पण टोकदार कोपऱ्यांत ब्रश शिरेना. तेव्हा परकराची जुनी सुती नाडी सापडली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं भोकातून ओवलं, नाडीला ओला खायचा सोडा फासला आणि ताणलेल्या नाडीवर ट्रे पुढेमागे सरकवत राहिले. सोनारही जाळीकाम असंच दोऱ्याने उजळतात. चाळीस-एक भोकं, दोन संध्याकाळी.

ब्लीच मात्र लावू नका, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला खड्डे पडतात. घासणीचे ओरखडे राहिलेच. त्यावर आता क्रोशाचा रुमाल असतो.