आकेशियाखालचा पातेरा आणि देशी रोपं: कोकणात प्रबंध करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला लागवडीखालचं नैसर्गिक पुनरुत्पादन (लावलेल्या झाडांखाली आपोआप रुजून वाढणारी रोपं) हा विषय घेतला की पहिली अडचण येते ती वेळापत्रकाची. प्रबंधाचं सत्र साधारण जानेवारी ते मे. त्या काळात पानगळ हवी तेवढी मोजता येते, पण पावसात रुजलेल्या रोपांपैकी बरीचशी तोवर वाळलेली, चरलेली किंवा जळलेली असतात. त्यामुळे विषय आदल्या मे महिन्यातच पक्का करा आणि पहिली मोजणी ऑगस्टमध्ये घ्या. ते जमणार नसेल, तर सरळ पानगळ आणि कुजण्याचा वेग एवढाच विषय घ्या. एप्रिलमध्ये एकदाच रोपं मोजून काढलेल्या निष्कर्षात फारसा दम नसतो.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात सामाजिक वनीकरणात उघड्या जांभ्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे आकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, भरपूर लागली. तिच्याखाली काही उगवत नाही, असं कोणीही सांगेल. उलट लागवडीच्या सावलीत देशी झाडं परत येतात, या मताला १९९० च्या दशकात पोर्तो रिकोत एरियल लुगो आणि जॉन पॅरोट्टा यांच्या कामाने बळ मिळालं. आपल्याकडे एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन्ही चित्रं दिसू शकतात. फरक पातेऱ्यामुळे, म्हणजे जमिनीवर साचलेल्या सुक्या पानांच्या थरामुळे पडला, वणव्यामुळे की बीज देणारं झाड लांब असल्यामुळे, हे वेगळं काढणं हेच खरं काम.

जागा ठरवण्याआधी वाडीत बसून विचारा: इथला पातेरा कोण नेतं? राब (भाताच्या रोपवाटिकेची जागा) भाजायला, आंबा-काजूच्या आळ्यात घालायला, गोठ्यात पसरायला तो गोळा होतो. फेब्रुवारीत झाडून नेलेल्या जागेला ‘कमी पातेऱ्याची जागा’ समजून मोजलं, तर तुम्ही मोजता तो खराटा आणि माणसांची वर्दळ. खोडांच्या बुंध्याशी काळपट डाग दिसले तर वणव्याचीही चौकशी करा. जागा मालकीची असेल तर झाडं कधी तोडणार, हे मालकाला स्पष्ट विचारा. आकेशिया सरपणाला विकली जाते आणि निम्म्या अभ्यासात प्लॉट मोकळा होतो. वनजमिनीवर लेखी परवानगी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज सगळ्यात आधी. तुलनेसाठी देवराई किंवा जुनं रान घ्या, पण माती आणि उतार जुळला पाहिजे. प्रत्येक प्लॉटपासून सर्वांत जवळचं फळणारं देशी झाड किती मीटरवर आहे, हेही नोंदवा. विश्लेषणात हाच रकाना बहुतेकदा सगळ्यात उपयोगी पडतो.

पानगळीसाठी १ मीटर × १ मीटरची चौकट, तिला १–२ मिलिमीटर भोकांची नायलॉन जाळी, आणि ती जमिनीपासून साधारण मीटरभर वर. मच्छरदाणीची जाळी चालते आणि कोणी चोरत नाही; तारेची जाळी मात्र टिकत नाही. एका जागेत असे किमान दहा सापळे (पानं झेलणाऱ्या चौकटी) ठेवा. ते जिथे सोयीचं दिसेल तिथे न लावता आधी काढलेल्या यादृच्छिक बिंदूंवर लावा. दर पंधरा दिवसांनी, पावसात दर आठवड्याला रिकामे करा, नाहीतर पानं जाळीतच कुजतात आणि वजन कमी भरतं. पानं, दोन सेंटिमीटरपेक्षा बारीक काटक्या, फुलं-फळं आणि चुरा वेगळा करा. ६५–७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत, साधारण ४८ तास, वाळवा. जमिनीवरचा साठा ५० × ५० सेंटिमीटरच्या चौकटीत काढा. चौकटीत १८० ग्रॅम कोरडं वजन आलं तर चौरस मीटरला ७२० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ७.२ टन. कागदावर सोपं वाटतं, पण दशांशचिन्ह इथेच घसरतं.

कुजण्याचा वेग मोजायच्या जाळीच्या पिशव्या सहसा २० × २० सेंटिमीटरच्या, २ मिलिमीटर जाळीच्या असतात आणि त्यात १० ग्रॅम कोरडी पानं भरतात. आकेशियाला ते ठीक. सागाला ३० × ३० घ्या, कारण पान कापून भरलं की कापलेल्या कडांमुळे कुजण्याचा वेग बदलतो. दहा पिशव्या जास्तीच्या करा: रानात नेऊन त्याच दिवशी परत आणायच्या आणि वाहतुकीत किती चुरा गळतो ते बघायचं. परत आणलेल्या पिशवीत पावसाळ्यानंतर जांभ्याची तांबडी माती हमखास असते, म्हणून थोडा नमुना ५५० अंशांवर जाळून राखेची दुरुस्ती करा, म्हणजे उरलेल्या राखेवरून मातीचं वजन वजा करा. नाहीतर नोव्हेंबरच्या पिशवीचं वजन ऑगस्टपेक्षा जास्त भरतं आणि मार्गदर्शकांपुढे खाली मान घालावी लागते.

सूत्र ऑल्सन यांचं, १९६३ चं: उरलेल्या भागाचा नैसर्गिक लॉगरिदम, उणे चिन्ह, भागिले काळ. सहा महिन्यांत १० ग्रॅमचे ५.५ राहिले तर के, म्हणजे कुजण्याच्या वेगाचा आकडा, येतो वर्षाला सुमारे १.२. पण हे सहा महिने कुठले? जानेवारीत ठेवलेली पिशवी मेअखेरपर्यंत जवळपास जशीच्या तशी असते आणि पाऊस लागला की भराभर खचते. जूनमध्ये ठेवलेल्या पिशवीवरून वर्षाचा आकडा काढला तर तो फुगलेला निघतो. वर्ष पूर्ण करा, किंवा ‘पावसाळी के’ असं साफ लिहा.

आता रोपं. १० × १० मीटरमध्ये झाडं (१.३७ मीटर उंचीवर घेर ३० सेंटिमीटर किंवा जास्त), आत ५ × ५ मध्ये १० ते ३० घेराची पोरझाडं, आणि १ × १ मीटरच्या चार चौकटींत रोपं. प्रत्येक रोपाला क्रमांकाची पट्टी द्या, पण ती शेजारी रोवलेल्या तारेला अडकवा. रोपाला बांधली तर पुढच्या वर्षी खोड आवळतं. उंची मातीपासून मोजा, पातेऱ्याच्या वरून नव्हे. तीच रोपं ऑगस्ट, नोव्हेंबर आणि पुढच्या मेअखेर पुन्हा मोजा. पुनरुत्पादन म्हणायचं ते मेअखेर जिवंत राहिलेल्यांना.

ओळखीत हमखास तीन चुका होतात. आकेशियाचं ‘पान’ म्हणजे रुंदावलेला देठ असतो, पण तिच्या कोवळ्या रोपाला आधी खरी, पिसासारखी संयुक्त पानं येतात. नवखा माणूस ते शिरीष किंवा खैर म्हणून देशी यादीत टाकतो. जांभळाच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन कोंब येतात. एकाच बिंदूतून आलेले कोंब एकच रोप धरा. ऐन, कुंभा, पळस यांचे फुटवे जुन्या मुळावरून येतात. बुंध्याजवळची माती बोटभर उकरा: बारीक सोटमूळ दिसलं तर बीचं रोप, जाड लाकडी गाठ दिसली तर फुटवा. हा रकाना वेगळा ठेवा, कारण फुटवा लागवडीच्या आधीच्या रानाचा असू शकतो. आकेशियाने त्याला आणलं, असं म्हणता येणार नाही. ओळख पक्की करायची तर ओळखीच्या झाडांचं बी ट्रेमध्ये पेरून बीजपत्रांपासून फोटो काढून ठेवा.

पातेऱ्याचा परिणाम सिद्ध करायला प्रयोगच हवा. एक चौरस मीटरच्या तीन चौकटींचा गट: एकीतला पातेरा काढायचा, तो दुसरीत घालून दुप्पट करायचा, तिसरी तशीच. असे दहा गट, मेअखेर, पहिल्या पावसाआधी. प्रत्येकीत २५ बिया. किंजळ-ऐनासारखं पंखाचं बी जाड थरावर अडकतं आणि त्याचं मूळ मातीपर्यंत पोचण्याआधी सुकू शकतं. रातांबा-जांभळासारखं जड बी खाली सरकतं आणि तोच थर त्याला ओलावा देतो. म्हणून दोन्ही प्रकारचं बी घ्या. जांभूळ-रातांब्याचं बी साठवून टिकत नाही, गोळा केलं की आठवड्याच्या आत पेरा. पाऊसभर गळणारी पानं ‘काढलेल्या’ चौकटीतून दर आठवड्याला उचला. हे विसरलं की जुलैपर्यंत तिन्ही चौकटी सारख्या होतात.

हात थेट पातेऱ्यात घालू नका. रत्नागिरीच्या जांभ्यावर फुरसं हा विषारी साप तिथेच बसलेला असतो; आधी काठीने उलथा, गमबूट घाला. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गच्या भागात, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमच्या पानगळीचा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आणि ताप आला तर डॉक्टरांना रानात कुठे, किती दिवस होतात ते आधी सांगा.