कार्ड ओळखायचं तर आधी खोकं ओळखा

माझी पहिली फसगत नव्वद डॉलरला पडली. मिशिगनमधल्या एका लहान गावी शाळेच्या जिममध्ये बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या कार्डांचं प्रदर्शन होतं, खाऊबिऊच्या खोक्यांतून यायची ती. एका टेबलावर लालभडक पार्श्वभूमीचं कार्ड दिसलं, १९१४ चं क्रॅकर जॅक. मागेपुढे तपकिरी डाग. विकणारा म्हणाला, "पाकाचा डाग आहे, म्हणजे अस्सलच." मला ते लगेच पटलं, कारण थोडंफार वाचून गेले होते. क्रॅकर जॅक म्हणजे काकवीत घोळवलेल्या मक्याच्या लाह्या आणि शेंगदाणे, आपल्या चिक्कीचा शिकागोतला चुलतभाऊ. १९१४ साली त्याची कार्डं फक्त खाऊच्या खोक्यातूनच मिळायची, त्यामुळे डाग असणारच. घरी येऊन भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावला. खेळाडूच्या नावाची अक्षरं ठिपक्यांची होती, म्हणजे स्कॅन करून पुन्हा छापलेली नक्कल. पुण्यात प्रिंटिंगचं इंजिनीअरिंग केलेली, पुढे अनेक वर्षं पॅकेजिंगच्या प्रेसमध्ये छपाईचे ठिपके मोजणारी बाई मी, आणि डाग बघून भुलले.

आता आठवड्याच्या शेवटी मी एका लिलाव करणाऱ्या कंपनीसाठी अशी कार्डं तपासते. तासावर पैसे मिळतात, पोट भरण्याइतके नाहीत. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या दोन-तीन मराठी मुलांनी विचारलं की यात शिरायचं कसं. एकाचा मुलगा लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतो आणि बापच जास्त नादावलाय. त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे एकत्र लिहिते.

या कामाला पदवी नाही. एक जुनी वर्गवारी मात्र आहे, ती पाठ करा. सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिकने 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' तयार केला आणि प्रत्येक प्रकाराला अक्षर दिलं. तंबाखूबरोबरच्या कार्डांना टी, सुरुवातीच्या कँडी-कॅरमेलच्या कार्डांना ई, १९३० नंतरच्या कँडी आणि च्युइंगगमला आर, बेकरीच्या पावाबिवाबरोबरच्या कार्डांना डी, इतर खाद्यपदार्थांना एफ. क्रॅकर जॅक म्हणजे ई१४५. म्हणजे कार्ड कोणत्या मालातून आलं यावरच त्याचं आडनाव ठरलं. आपल्याकडे काडेपेटीचे छाप जमवणारी पोरं छापाआधी काडेपेटीचा कारखाना विचारायची, तसंच. गंमत अशी की या गृहस्थाने आपली तीन लाखांवर कागदी चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली आणि ती सगळी अल्बमांत गोंदाने चिकटवली. १९६३ च्या सुरुवातीला चिकटवून संपवलं आणि त्याच वर्षी तो वारला. आज कोणी कार्डाला गोंद लावला तर संग्राहक त्याला वाळीत टाकतील. संग्रहातली बरीच कार्डं म्युझियमच्या संकेतस्थळावर मोठी करून बघता येतात. ती बघत बसा, फुकट शाळा आहे.

नवा माणूस कार्ड हातात घेऊन पहिल्यांदा विचारतो, खरं की खोटं? मी आधी विचारते, हे कार्ड पोराच्या हातात कसं पडलं? खोक्याच्या आत, खोक्यावर छापून की टपालाने? कारण प्रत्येक वाट कार्डावर आपली खूण ठेवते.

क्रॅकर जॅकचंच घ्या. १९१४ चा संच १४४ कार्डांचा, १९१५ चा १७६ चा. दोन्ही लाल, बहुतेक चित्रंही तीच. पण १९१५ ला कंपनीने सवलत काढली: शंभर कूपनं पाठवा, किंवा एक कूपन आणि पंचवीस सेंट, अख्खा संच घरपोच. ती कार्डं खाऊला कधी शिवलीच नाहीत. म्हणून १९१५ चं कोरं करकरीत कार्ड दिसलं तर मी दचकत नाही. १९१४ चं तसं दिसलं की खुर्ची पुढे ओढते. साल ओळखायची सोपी खूण मागच्या बाजूला आहे. पुस्तकाचं पान उलटावं तसं कार्ड आडवं उलटा. मागचा मजकूर सरळ आला तर १९१४, डोक्यावर उभा राहिला तर १९१५. क्रिस्टी मॅथ्यूसन या गाजलेल्या खेळाडूचं तर चित्रही बदललं. १९१४ ला तो चेंडू टाकताना आडव्या कार्डावर आहे, १९१५ ला नुसता चेहरा. मॅथ्यूसनचा चेहरा आणि मागचा मजकूर सरळ, असं कार्ड कोणी दाखवलं तर नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे जा.

आता माझ्या त्या डागाकडे येते. पाक तेलकट असतो. त्यात तूप नसलं तरी शेंगदाणा असतो. असा डाग उजेडासमोर धरला की कागद तिथे किंचित पारदर्शक होतो आणि त्याला कड असते, कारण लाही एका ठिकाणी टेकलेली असते. माझ्या कार्डावरचा डाग ढगासारखा पसरलेला होता, कडांच्या तंतूंत जास्त गडद. कागद भिजला की पाणी कडेकडे रंग ओढून नेतं. चहाचा कप, झालंच तर कॉफी. डाग हा पुरावा नसतो, जबाब असतो. तो इतर गोष्टींशी जुळतो का ते बघायचं.

भिंग दहा पट घ्या, त्याहून मोठं सुरुवातीला नको, हरवायला होतं. आधी अक्षरं बघा, मग काळ्या रेघा. जुन्या छपाईत नाव आणि रेघा सलग शाईच्या असतात. कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं की अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांत फुटतात, कडा केसाळ दिसतात. चित्रात ठिपके आहेत म्हणून कार्ड खोटं, असं मात्र समजू नका. १९६० च्या दशकातल्या सीरियलच्या (कॉर्नफ्लेक्ससारख्या नाश्त्याच्या) खोक्यांवर फोटो ठिपक्यांचाच असतो, अक्षरं ठाम असतात.

दुसरं हत्यार यूव्ही टॉर्च. लहानपणी पांढऱ्या शर्टांना टिनोपाल घालायचे आठवतंय? कपडा निळसर चमकायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदाच्या लगद्यातही तसलीच द्रव्यं घालायला लागले. अंधारात टॉर्च मारल्यावर १९१४ चं कार्ड गणपतीच्या मखरासारखं उजळलं तर विषय संपला. नाही उजळलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून त्यावर छापणारे महाभागही आहेत.

माझं खरं प्रेम 'पोस्ट' कंपनीच्या कार्डांवर. मी राहते तिथून बॅटल क्रीक तासाभरावर आहे. पोस्ट आणि केलॉग या दोन्ही सीरियल कंपन्या त्याच गावात जन्मल्या. १९६१, ६२ आणि ६३ अशी तीन वर्षं पोस्टने खोक्याच्या पाठीवर दरसाल दोनशे खेळाडू छापले. पोरांनी ते कात्रीने कापून घ्यायचे. म्हणजे हे कार्ड मुळात खोक्याचा तुकडा आहे. आपल्या प्रेसच्या भाषेत ग्रे बॅक डुप्लेक्स: पुढे पांढरा लेप, मागे करडा-तपकिरी, कोरा. मागून पांढरंशुभ्र 'पोस्ट मँटल', म्हणजे मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचं पोस्टचं कार्ड, कोणी देऊ केलं तर ते घरच्या प्रिंटरचं बाळ आहे. याला एक अपवाद लक्षात ठेवा. १९६१ ला पोस्टने टपालाने दहा-दहा कार्डांचे संघवार तक्ते पाठवले. त्यांचा बोर्ड पातळ, आणि कडेला टाचलेली भोकं असतात, पोस्टाच्या तिकिटासारखी. माझ्या ओळखीच्या एकाने असं एक अस्सल कार्ड पातळ आहे म्हणून खोटं ठरवून टाकलं होतं. पातळपणाला कारण होतं, ते त्याला माहीत नव्हतं. तसंच १३ एप्रिल १९६२ च्या 'लाइफ' साप्ताहिकात मँटल आणि त्याच्याच संघातल्या मॅरिसची कार्डं जाहिरातीसोबत आली होती, तीही पातळ.

जेल-ओची भानगड वेगळी. पोस्ट आणि जेल-ओ एकाच जनरल फूड्सच्या घरातल्या, त्यामुळे त्याच खेळाडूंची कार्डं जेलीच्या खोक्यांवरही आली. १९६२ च्या जेल-ओवर पोस्टची खूण नाही आणि खेळाडूच्या कामगिरीच्या आकड्यांच्या चौकटीत लाल-निळ्या रेघा नाहीत. १९६३ ची जेल-ओ कार्डं पोस्टपेक्षा किंचित अरुंद आहेत. आता मुलाने कात्रीने कापलेल्या कार्डाची रुंदी कशी मोजणार? तिथे छापलेल्या चौकटीची मापं घ्यायची, कडेची नाही. स्टीलची पट्टी वापरा, प्लास्टिकची झिजते.

कापलेली कड स्वतंत्र विषय आहे, आणि लबाडी सगळ्यात जास्त तिथेच. पोराने वाकडं कापलेलं कार्ड कोणीतरी आज कटरवर सरळ करतो आणि भाव वाढवतो. कड भिंगाखाली उभी धरा. साठ वर्षांपूर्वी कापलेली कड पाठीइतकीच मळलेली, बोथट असते. कालची कड फिकट आणि धारदार. कात्रीच्या कडेला जिथे पोराने हात थांबवून पुन्हा चालवला तिथे बारीक पायरी दिसते. मला ती पायरी फार आवडते. पीएसए, एसजीसीसारख्या कंपन्या कार्ड तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. कात्री छापील चौकटीच्या आत घुसली असेल तर बहुतेक वेळा दर्जाचा आकडा न देता नुसतं 'ऑथेंटिक' लिहितात. डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायला विसरू नका, डब्याही नकली निघतात.

बाकीची मंडळी थोडक्यात. १९५४ चं रेड हार्ट हे कुत्र्याच्या खाद्याचं कार्ड: तेहतीस खेळाडू, लाल-निळ्या-हिरव्या पार्श्वभूमीचे अकरा-अकरा. डब्याची लेबलं आणि काही सेंट पाठवून टपालाने मिळायचं, म्हणून ते स्वच्छच असायला हवं. त्याच वर्षीचं विल्सन फ्रँक्स सॉसेजच्या पाकिटातून यायचं, म्हणून त्यावर चरबीचा डाग शोभतो. त्यातल्या टेड विल्यम्सच्या नकला ढीगभर आहेत. होस्टेसच्या केकच्या खोक्यांखाली १९७५ ते १९७९ तीन-तीन कार्डांची पट्टी असे. न कापलेली पट्टी मिळाली तर कृपा करून कापू नका. केलॉगची थ्री-डी कार्डं १९७० पासूनची. त्यांच्यावर नख फिरवलं की खर्र आवाज येतो, कारण वर रेघांचं प्लास्टिक आहे. ते वाकतं आणि उभं तडकतं. १९७१ चा संच फक्त खोक्यांतूनच मिळायचा, म्हणून तो पुरा करणाऱ्यांचे केस पांढरे होतात. आणि १९७३ ची कार्डं थ्री-डी नाहीतच, तेव्हा त्या वर्षीचं कार्ड गुळगुळीत आहे म्हणून विकणाऱ्याशी भांडू नका. मी भांडले होते.

शिकण्यासाठी मोठी नावं विकत घेऊ नका. प्रत्येक प्रकारातलं, कोणाला नको असलेल्या खेळाडूचं एक फाटकंतुटकं पण अस्सल कार्ड घ्या. माझ्या डबीत अशी चौदा आहेत. संशय आला की त्यातलं शेजारी ठेवते. डोळा एकट्या कार्डावर फसतो, दोन शेजारी ठेवली की जागा होतो.

गेल्या ऑक्टोबरात शेतावर राहणाऱ्या एका आजींकडे गेले होते. ऐंशीच्या पुढच्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात धाकट्या भावाची १९६१ ची पोस्टची कार्डं, शंभरेक. भाऊ गेल्याला बरीच वर्षं झाली होती. कार्डं वाकडीतिकडी कापलेली, एकाला शेजारच्या कार्डाची नखाएवढी पट्टी चिकटलेली. अशी पट्टी म्हणजे माझ्यासाठी आधारकार्ड, कारण कोणाशेजारी कोण छापला होता ते न कापलेल्या खोक्यांवरून ताडता येतं. मधूनच एक दुर्मीळ कार्ड निघालं. खेळाडू साधाच. पण पोस्टची काही कार्डं कमी मिळतात ती खेळाडूमुळे नाही, ते ज्या सीरियलच्या खोक्यावर होते ते मुलांना आवडायचं नाही म्हणून. आईबाप ते आणायचेच नाहीत. मी आजींना विचारलं, हे तुमच्याकडे कसं आलं?

त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, भाऊ हट्ट करून तीच खोकी आणायला लावायचा, कार्ड कापून घ्यायचा आणि एक घास खायचा नाही. आई चिडायची. मग आतलं सगळं आजी सकाळी कोंबड्यांना घालायच्या. "अंडी मात्र छान व्हायची," त्या म्हणाल्या, आणि ते कार्ड विकायच्या ढिगातून उचलून त्यांनी स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलं.